पाव, पिझ्झा आणि सुरतेची भट्टी

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा महामार्ग नवसारी मागे टाकून सुरत शहराच्या पूर्वेकडून उत्तरेस निघतो, त्या वाटेवर पलसाणा हे गाव लागते. गाव तालुक्याचे आहे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोपर्यंत पलसाणा हा गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील एक तालुका होता. त्याच्या शेजारी बारडोली, जिचे नाव १९२८ च्या सत्याग्रहाने साऱ्या देशाच्या तोंडी झाले; आणि दुसऱ्या बाजूला हाकेच्या अंतरावर सुरत. या तालुक्यात ऊस पिकतो, चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे, कडोदऱ्याच्या परिसरात कापडावर रंगाची प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या आहेत, आणि त्यांत राबण्यासाठी खानदेशापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंतची माणसे येऊन वसली आहेत.

अशा रहदारीच्या मुलखात आज उपाहारगृहाच्या पाटीवर गुजराती थाळीच्या शेजारी पिझ्झा हा शब्द दिसला, तर कोणाला नवल वाटत नाही. कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांसाठी तो निराळा करून मिळतो, हेही आता नित्याचे झाले आहे. त्याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे सुरतेसारख्या शहरांतून आणि आपल्या मुंबई-पुण्यातूनही हा पदार्थ स्वतःच्या हाताने करण्याची हौस पुष्कळांना लागली आहे. ही मंडळी आदल्या रात्री पीठ भिजवतात, ते फुगते की नाही म्हणून झोपेतून उठून पाहतात, लाटण्याला हात न लावता गोळा बोटांनी पसरतात, आणि ज्यांना परसदार आहे ते विटांची घुमटाकार भट्टी बांधून तीत लाकडे पेटवतात. चार मित्रांना बोलावून भट्टीसमोर उभे राहून खाणे हा तर या हौसेचा कळसाध्याय.

सर्वसाधारण समजूत अशी की, ही सारी कालपरवाची परदेशी आयात आहे. १९९६ साली पिझ्झाच्या परदेशी दुकानांच्या साखळ्या भारतात आल्या, तेव्हापासून हा इतिहास सुरू होतो असे मानले जाते. दुकानांपुरते ते खरेही आहे. परंतु पिझ्झाचा जो प्राण, म्हणजे आंबवून फुगवलेले गव्हाचे पीठ आणि घुमटाची तापलेली भट्टी, तो या किनाऱ्यावर तीनशे-चारशे वर्षे वावरत आहे. त्याची एक मोठी पेठ सुरत होती. आणि त्या काळी अशा भट्टीतून निघालेला तुकडा खाणे ही हौस नव्हती; ते एक धाडस होते, प्रसंगी जातीतून बाहेर काढणारे. या धाडसापासून हौसेपर्यंतचा प्रवास कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम पिझ्झाचे कूळ पाहू. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील गाएता या गावच्या इसवी सन ९९७ च्या एका लॅटिन दस्तऐवजात देण्याघेण्याच्या संदर्भात बारा ‘पिझ्झां’चा उल्लेख आहे. तो पदार्थ आजच्यासारखा मुळीच नसणार. कारण ज्या टोमॅटोवाचून आज पिझ्झाची कल्पना करवत नाही, तो टोमॅटो अमेरिका खंडातून युरोपात पोहोचला सोळाव्या शतकात, आणि ते फळ विषारी असावे या शंकेने लोक बराच काळ ते खाण्यास बिचकत. नेपल्स शहरात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पिझ्झाला आजचे रूप आले. तेव्हा तो गरिबांचा घास होता. ज्यांच्या घरी चूल पेटवण्याची सोय नाही असे हमाल, मच्छीमार, रस्त्यावरचे मजूर हे त्याचे गिऱ्हाईक. प्रतिष्ठित इटालियन माणूस त्याच्याकडे नाक मुरडून पाही. ‘पिनोकिओ’ या जगप्रसिद्ध बालकथेचा कर्ता कोलोदी याने १८८६ साली मुलांसाठी लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात नेपल्सच्या पिझ्झाची गणना गलिच्छ दिसणाऱ्या वस्तूंत केली आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता राफाएले एस्पोझितो नावाच्या कारागिराने तिच्यासाठी टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीच्या पानांचा पिझ्झा केला आणि त्याला राणीचे नाव मिळाले, अशी कथा सांगतात. तिच्या तपशिलांबद्दल इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. पण कथेचा अर्थ स्पष्ट आहे: गरिबांच्या घासाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी राणीचा हात लागावा लागला.

पुढे त्या प्रतिष्ठेचे नियमही झाले. १९८४ साली नेपल्सच्या कारागिरांनी आपली संस्था स्थापन केली. २०१० मध्ये युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झाच्या पारंपरिक कृतीस संरक्षण दिले. पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांखेरीज गोळ्यात काही नको, गोळा हातानेच पसरावा, भट्टी लाकडाची असावी, तिची उष्णता सुमारे ४८५ अंश सेल्सिअस असावी, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघावा, असे ते शास्त्र. आणि २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जी गोष्ट घातली, ती पिझ्झा हा पदार्थ नव्हे, तर तो करणाऱ्या नेपल्सच्या कारागिरांची कला होय. सन्मान झाला तो हाताचा. ही गोष्ट मनात ठेवून आता आपण आपल्या किनाऱ्याकडे वळू.

नेपल्स आणि सुरत यांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. फेब्रुवारी १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोमचा एक सरदार इराणातून समुद्रमार्गे सुरतेच्या बंदरात उतरला. डच वखारीच्या प्रमुखाने त्याचे आदरातिथ्य केले. सुरत, खंबायत, अहमदाबाद पाहून तो पुढे गोव्याला गेला, आणि आपल्या प्रवासाची हकीकत तो लांबलचक पत्रांतून कळवीत राहिला. ती पत्रे त्याने लिहिली नेपल्समध्ये राहणाऱ्या मारिओ स्किपानो नावाच्या एका वैद्यमित्राला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी सुरतेच्या बाजाराची आणि चालीरीतींची वर्णने नेपल्सला वाचली जात होती.

त्या वेळी सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर होते. इंग्रज आणि डच यांनी सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे वखारी घातल्या होत्या. वखारीतील गोऱ्या लोकांना मायदेशच्या दोन वस्तूंचा विसर पडत नसे, त्या म्हणजे मद्य आणि पाव. गव्हाला येथे तोटा नव्हता. १६८९ साली सुरतेस आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन याने नोंदवले आहे की, इंग्रजांच्या वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी अशा तिन्ही प्रकारचे आचारी ठेवलेले होते, कारण प्रत्येकाच्या जिभेला आपापली चव हवी. एकाच स्वयंपाकघरात तीन देशांचे हात चालत होते. पाककलेच्या इतिहासात शिकवणूक होते ती अशाच ठिकाणी. तेथे ग्रंथ नसतात, गुरूच्या शेजारी उभा राहिलेला शिष्य असतो.

सुरतेत परंपरेने एक हकीकत सांगितली जाते. डचांनी आपल्या लोकांसाठी पावाची भट्टी घातली आणि तीत पाच पारशी कामगार ठेवले. डचांचा व्यापार आटला, आणि १८२४ च्या तहान्वये त्यांची सुरतेची वखार १८२५ मध्ये इंग्रजांच्या हाती गेली. जाताना त्यांनी भट्टी कामगारांच्या स्वाधीन केली आणि पुढे ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे आली, असे ही परंपरा सांगते. दोटीवाला यांची बेकरी आपला आरंभ १८६१ पासून मोजते. डचांचे प्रयाण आणि हे साल यांत ३६ वर्षांचे अंतर आहे. या अंतरातच कारागिरीचा स्वभाव दिसून येतो. भट्टीवर पाटी लागण्यापूर्वी एक अखंड पिढी पीठ मळत, लाकूड लोटत आणि पाव काढत राहिली. कसब जगले ते पाटीमुळे नव्हे, हातांमुळे.

गोऱ्यांची वस्ती ओसरली तसे पावाचे गिऱ्हाईकही कमी झाले. न खपलेला पाव भट्टीच्या उतरत्या उष्णतेत वाळवून टिकाऊ करण्यात येऊ लागला. तो कडक, खुसखुशीत तुकडा चहात बुडवून खाण्याची लोकांना गोडी लागली. सुरतेची ती प्रसिद्ध खारी-कडक बिस्किटे आणि नानखटाई यांचा उगम लोक या काटकसरीतच शोधतात. नानखटाईतील ‘नान’ म्हणजे फारसीत भाकरी किंवा पाव. तेवढ्या शब्दात भट्टीची खूण राहिली आहे. गुजराती गिऱ्हाइकाला अंडे चालत नाही, ताडी चालत नाही, म्हणून ती वगळून निराळा माल काढण्यात आला, असेही त्याच परंपरेत सांगतात. आजच्या बिनकांद्याच्या पिझ्झाचे हे पूर्वजच म्हणावयाचे.

येथे ताडीचा उल्लेख आला, तो थोडा उलगडला पाहिजे. पाव फुगण्यासाठी खमीर लागते. खमीर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. ते पिठातील साखर खातात आणि त्यातून एक वायू व थोडे मद्य निर्माण करतात. गव्हाच्या मळलेल्या पिठाला जो चिवटपणा असतो, त्यात तो वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो आणि गोळा फुगतो. भट्टीत घातल्यावर मद्य बहुतेक उडून जाते आणि बुडबुड्यांची जाळी तेवढी राहते. युरोपात हे खमीर बिअरच्या गाळातून किंवा आदल्या दिवशीच्या पिठातून घेत. आपल्याकडील गृहिणीला ही युक्ती परकी नाही. दह्याचे विरजण ती याच रीतीने राखून ठेवते, आणि आंबोळीचे वा ढोकळ्याचे पीठ रात्रभर उबेला ठेवते. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या युरोपीय माणसाला पावाचे खमीर झाडावर टांगलेले सापडले. माड, ताड आणि शिंदी या झाडांचा रस पहाटे गोड असतो; त्याला नीरा म्हणतात. ऊन चढू लागले की तो आपोआप आंबतो, आणि त्याची ताडी होते. त्या ताडीत भिजवलेले पीठ थोड्याच तासांत फुगून येते.

सुरतेपासून पलसाणा, नवसारी ओलांडून खाली डहाणू-वसईपर्यंतचा हा मुलूख शिंदी-ताडांचा. येथील झाडांच्या नोंदीच्या इतिहासातही सुरतेचे एक स्थान आहे. मलबारातील वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा थोर ग्रंथ सिद्ध करणारा डच अधिकारी व्हान रेडे हा १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजातच वारला आणि त्याला सुरतेत पुरण्यात आले. डच दफनभूमीतील त्याची भव्य कबर आजही पाहावयास मिळते. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड माडाच्या वर्णनाने उघडतो. ज्या झाडाने युरोपीयांच्या पावाला खमीर दिले, त्याचे वर्णन करणारा ग्रंथकार सुरतेच्या मातीत विसावला, हा योग लक्षात राहण्यासारखा आहे.

ताडीच्या खमिराची ही विद्या सुरतेच्याही आधी गोव्यात आणि वसईत रुजली होती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई घेतली. मिस्सेत लागणारी भाकर बिनखमिराची असते. पण तिलाही गहूच लागतो, आणि पोर्तुगीज माणसाच्या रोजच्या जेवणाला तर खमिराचा पावच हवा. सासष्टीच्या लोकांना, विशेषतः माजोर्ड्याच्या लोकांना, ही कला मिशनऱ्यांनी शिकवली, अशी गोव्यातील परंपरा आहे. तेथील पाववाल्याला पोदेर म्हणतात, आणि त्याच्या टोपलीत उंडो, पोई, कांकण, कातरे असे नाना आकार असतात. कोंड्यासकट पिठाची, आतून पोकळ, चपटी गोल पोई भट्टीतून निघताना पाहावी. नेपल्सच्या गोळ्याशी तिचे नाते निराळे सांगावे लागत नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला फुगे तळतात आणि तांदळाची सांदणे उकडतात, तीही मुळात ताडीनेच फुगलेली.

परंतु हाच पाव उत्तर कोकणात एका भीतीचे नाव होऊन बसला. वसई भागात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी गोष्ट श्रोत्यांपैकी अनेकांनी ऐकली असेल. गावाच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकला. लोकांनी नकळत ते पाणी प्यायले. आणि सारा गाव बाटला. धर्मांतराचा खरा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. त्यात राज्यसत्तेचा जुलूम आहे, जमिनीचे व्यवहार आहेत, कोठे स्वेच्छाही आहे. तथापि या गोष्टीत एक विलक्षण सत्य दडलेले आहे. तुकडा टाकणाऱ्याने गाव बाटवला असे गोष्ट सांगते. पण पाणी प्यालेल्यांना घरात परत न घेणारे कोण होते? तुकड्यात विष नव्हते. बाट होता तो त्याला लागलेल्या हाताचा. ‘हे कोणाच्या हातचे?’ हा प्रश्न आपल्या समाजात भुकेपेक्षा मोठा होता. पाव हा शब्द वस्तुतः पोर्तुगीज ‘पांव’ या शब्दावरून आलेला. पण तो पायांनी तुडवून करतात म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती लोकांनी मोठ्या आवडीने सांगितली. तिच्या मागेही तोच संशय होता.

हा प्रश्न सरळ अंगावर घेण्याचे काम प्रथम काही शिक्षकांनी केले, आणि त्याची सुरुवात सुरतेत झाली. मराठी व्याकरणाचे कर्ते म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या काळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे दुर्गाराम मंछाराम ऊर्फ दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांचा स्नेह जमला. १८४४ साली या मंडळींनी सुरतेत मानवधर्मसभा स्थापन केली. माणसाचा धर्म एक, जात एक, आणि मंत्रतंत्र व भुताखेतांचे थोतांड खोटे, असे ते उघड सभांतून सांगत. दादोबा पुढे मुंबईस आले, आणि १८४९ मध्ये तेथे परमहंससभेची स्थापना झाली.

या सभेची दीक्षा प्रसिद्ध आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने जातिभेद मानत नाही असे नुसते म्हणून चालत नसे. त्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. व्याख्यानांनी जे सिद्ध होत नाही, ते एका घासाने सिद्ध करावे, असा हा रोखठोक हिशेब होता. खोलीचे दार बंद असे. सभासदांची नावे गुप्त असत. आणि त्या दाराआड सुशिक्षित ब्राह्मण-प्रभू तरुण पावाचा तुकडा तोंडात घालीत. आज आपण ज्या वस्तूसाठी रांगेत उभे राहतो, तिच्या जातभाईसाठी त्या माणसांनी आपले घर, आपले लग्नसंबंध आणि आपल्या अंत्यविधीचे चार खांदे पणाला लावले होते. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. घास गिळणे सोपे, त्याची जाहीर कबुली देणे कठीण, हे तेव्हा दिसून आले. तरी बीज वाया गेले नाही. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थनासमाज निघाला, त्यात जुन्या परमहंस मंडळींपैकी काही होते.

आणि तरीही १८९० साली पुण्यात काय घडले? पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांच्या निमंत्रणावरून पुण्याची काही प्रतिष्ठित मंडळी जमली, त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे आली, आणि पुढे हजर असलेल्यांची नावे छापून प्रसिद्ध झाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात उभे राहावे लागले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पावाचे धाकटे भावंड जे बिस्किट, त्याने पुण्याची झोप उडवली. परमहंससभेच्या पहिल्या घासाला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती.

यानंतरचे काम सुधारकांपेक्षा गिरण्यांनी आणि आगगाड्यांनी अधिक केले, असे म्हटल्यास चूक होणार नाही. मुंबईच्या गिरणीकामगाराला पहाट होताच कामावर जाणे भाग. त्याच्या पोटाला गोव्याच्या पोदेराचा आणि इराण्याच्या दुकानातला पाव सोयीचा पडला. खानदेशातून सुरतेकडे येणारी तापी खोऱ्याची आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, आणि माणसे कामासाठी घरच्या चुलीपासून दूर गेली. भूक वेळेवर लागते. जातीची चूल वेळेवर मिळत नाही. उसळीबरोबर पाव आला, मिसळीबरोबर पाव आला, आणि १९६० नंतरच्या दशकात वड्याबरोबर आलेला पाव तर मराठी माणसाची ओळख होऊन बसला. ज्या मुलखात पावाच्या तुकड्याने गाव बाटला म्हणून सांगत, त्याच मुलखात वडापाव हे अभिमानाचे खाणे झाले.

मात्र या प्रवासात एक वस्तू हरवली. ती म्हणजे झाडावरचे खमीर. ताडीला दुसरी बाजू होती, हे विसरता येत नाही. दक्षिण गुजरातच्या आदिवासी आणि मजूर घरांचे दारू-ताडीने फार नुकसान केले. पिठ्यांचे कर्ज पिढ्यानपिढ्या फिटले नाही. १९२२ च्या सुमारास या भागातील आदिवासींनी देवीच्या आज्ञेच्या रूपाने ताडी-दारू सोडण्याची मोठी चळवळ केली, ती या दुःखातूनच. पुढे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि गुजरात राज्य वेगळे झाल्यावरही तेथे दारूबंदी चालू राहिली. नीरा मिळत राहिली. ताडी भट्टीपर्यंत येईनाशी झाली. पाववाल्यांनी कारखान्यातले यीस्ट घेतले. ते खात्रीचे आहे, झटपट आहे, कायद्याला धरून आहे. पण त्या त्या गावच्या झाडाची आणि हवेची जी चव पावात उतरे, ती मागे राहिली. गोव्यातही रेंदेर झाडावरून उतरला, तशी पोदेराच्या पिठातून सूर गेली, आणि पोदेरांच्या मुलांना पहाटे दोनला उठून भट्टीपुढे उभे राहण्यापेक्षा दुसरी कामे बरी वाटू लागली आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? ज्या कामाचा घास सर्वांना आवडतो पण ज्याचा कारागीर कोणाच्या लक्षात राहत नाही, ते काम पुढची पिढी का उचलील?

म्हणूनच आजच्या हौशी पिझ्झाकर्त्यांची गोष्ट केवळ चैनीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. हा माणूस जेव्हा स्वतःचे खमीर बरणीत जोपासतो, तेव्हा तो हरवलेल्या विद्येचे एक टोक पकडत असतो. पीठ किती मळावे हे पुस्तकात वाचून कळत नाही. ते तळहाताला कळावे लागते. पहिले दहा गोळे फाटतात, अकरावा पसरतो. भट्टीचा तळ पुरेसा तापला की नाही, हे लांब दांड्याची फळी आत सरकवताना चेहऱ्याला लागणाऱ्या झळीवरून ओळखावे लागते. हे सारे करताना त्याला आपोआप कळते की, कोपऱ्यावरच्या बेकरीत रात्रभर उभा असलेला माणूस केवढे कसब बाळगून आहे. हौशी माणूस आठवड्यातून एकदा चार पिझ्झे करतो आणि त्याचे कौतुक होते. तोच उद्योग बेकरीतला कामगार रोज शेकडो लाद्यांवर करतो, आणि सकाळी पाव घेणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

काळाने एक गंमत केली आहे. हाताने केलेले, ही आज विक्रीची मोठी जाहिरात आहे. यंत्राचा स्पर्श नसलेल्या पिझ्झाला अधिक पैसे पडतात. ज्या हाताच्या स्पर्शाने दीडशे वर्षांपूर्वी घास अपवित्र होई, त्याच हाताच्या स्पर्शाने आज तो मोलाचा होतो. सुरतेच्या त्या दोन मास्तरांनी हे पाहिले असते तर त्यांना समाधान वाटले असते. कदाचित त्यांनी पुढचा प्रश्नही विचारला असता: हाताला भाव आला, पण हात ज्याचा त्या माणसाचे काय? त्याला मजुरी पुरेशी मिळते काय? त्याला आपण आपल्या पंक्तीला शेजारी बसवतो काय? ‘हातचे’ या शब्दाला आलेला मान अजून ‘हातवाल्या’पर्यंत पुरता पोहोचलेला नाही. युनेस्कोने नेपल्सच्या कारागिराला जे दिले, ते आपल्या पोदेराला, सुरतेच्या भट्टीवाल्याला आणि इराण्याच्या दुकानामागे पीठ मळणाऱ्याला आपण द्यावयाचे आहे.

पलसाण्याच्या नाक्यावर एखाद्या संध्याकाळी खानदेशी कामगार, पटेल शेतकरी, मुसलमान ट्रकवाला आणि मुंबईचा प्रवासी एकाच भट्टीतला पिझ्झा शेजारशेजारच्या मेजांवर खाताना दिसावेत, यात आज कोणाला इतिहास वाटणार नाही. तो आत कोणी मळला, हे विचारावे असेही कोणाला वाटत नाही. बाटण्याच्या भीतीने तो प्रश्न विचारणे थांबले, हे चांगलेच झाले. आता तोच प्रश्न कौतुकाने विचारावा, आतल्या माणसाचे नाव घ्यावे आणि पाव छान झाला होता असे त्याला सांगावे, म्हणजे सुरतेत १८४४ साली सुरू झालेल्या कामात आपलाही एक घास पडेल.